मांडवच्या मुंगीचं डोकं

नलू, आधी भांडण, मग बाकीचं. माणूस गेलं की त्याच्याबद्दल गोड बोलायचं असतं, हे मला कळतं. तेराव्याला तुझ्या घरी सगळे तसं बोललेही. मी मात्र गप्प बसले होते. तू मला शेवटचं जे बोललीस ते मला अजून पचलेलं नाही.

धारला तुझ्या मागच्या खोलीत तू उशीला टेकून बसली होतीस. आवाज बारीक झाला होता, हाताच्या शिरा वर आल्या होत्या. मी मोसंबी सोलत होते. तू मध्येच म्हणालीस, "शीले, ती मांडवची मुंगी आहे ना, मी गेले की बुडव. माझ्यासमोर नक्को." मी विचारलं, "आता का?" तर तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "मोसंबी आंबट आहे गं." हे काय उत्तर झालं? इंदूरला बस बदलताना, देवासला घराचं कुलूप उघडताना, नंतरही कितीतरी दिवस माझ्या डोक्यात तेच. जी गोष्ट तू इतकी वर्षं मला करू दिली नाहीस, ती तुझ्या मागे करायला का सांगितलीस? ज्याला काही लपवायचं नसतं तो असं बोलत नाही. एरवी मी हे तुला तोंडावर म्हटलं असतं. तुझ्यात भांडायची ताकद नव्हती, म्हणून म्हटलं नाही. आता म्हणते.

हे छापून येणार आहे, म्हणून थोडं सगळ्यांना कळेल असं सांगते. तू मध्ये बोलू नकोस.

आपण दोघी प्राणिशास्त्राच्या मास्तरणी. तू धारच्या कॉलेजात, मी देवासच्या. शिकलो एकाच बाकावर, आणि नोकऱ्या लागल्यावर आपला धंदा वाटून घेतला. तू मुंग्या धरायच्या, मी त्या ओळखायच्या. धरण्यात तुझा हात कोणी धरू शकत नव्हतं. तुझं माहेर बदनावरचं, तिथल्या मंडीत सोयाबीनच्या पोत्यांवर चढून तू लहानपणापासून मुंग्या गोळा केलेल्या. लोहारद्याच्या बाजारात भाजीवालीशी भाव करता करता तू तिच्या टोपलीवरची मुंगी चिमटीत घेतलेली मी पाहिली आहे. ती बाई म्हणाली, "बाईसाब, सब्जी लेणी है के कीड़ी?" तू भाजीही घेतलीस आणि मुंगीही.

माझं काम बसून करायचं. मुंगी ओळखायला किल्ली असते. किल्ली म्हणजे प्रश्नांची वाट. कंबरेला गाठ एक की दोन? दोन असतील तर पुढच्या प्रश्नाला जा. मिशीच्या कांड्या किती? डोकं गुळगुळीत की खरखरीत? असं करत करत आपण एका घराशी येतो, जिथे एकसारख्या ठेवणीच्या मुंग्या एकत्र राहतात. त्या घराला माझ्या मराठी पुस्तकात प्रजाती म्हणतात, आणि तू हिंदीतून शिकवायचीस म्हणून वंश म्हणायचीस. त्यावरूनही आपण भांडलो आहोत. पण एका गोष्टीवर आपलं एकमत होतं, की मुंगीच्या दिसण्यावर विश्वास ठेवायचा नाही. ती दिसते तशी नसते. प्रत्येक प्रश्नाला थांबून पुन्हा पाहायचं. मला हे काम जमलं, कारण मी मुळातच शंकेखोर. दूधवाल्याचं माप, बसच्या कंडक्टरची घाई, शेजारणीचं कौतुक, सगळ्यात मला काहीतरी काळंबेरं दिसतं. तू म्हणायचीस, "शीले, तुझ्या लग्नात तू नवरदेवाचा अंतरपाट वर करून पाहिला असशील, तोच आहे की दुसरा." मी पाहिलाच होता. ते तुला मी सांगितलं नाही एवढंच.

मी ओळखलेल्या मुंगीखाली माझ्या नावाची चिठ्ठी लागायची. आधी वरची चिठ्ठी, कुठे मिळाली आणि कोणी धरली, ती तुझी. तिच्या खाली मुंगीचं नाव आणि ओळखणारीचं नाव, ती माझी. माझ्या जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीवर नावापुढे प्रश्नचिन्ह असायचं. तू त्याला माझं कुंकू म्हणायचीस.

आता डिंकाची गोष्ट. मुंगी इतकी लहान की तिला टाचणी टोचता येत नाही. जाड कागदाचा निमुळता तिकोना कापतात, त्याच्या टोकावर गोंदाचा बारीक थेंब, त्यावर मुंगी, आणि टाचणी कागदाला. दुकानातला गोंद तुला महाग वाटायचा आणि पिवळा पडतो म्हणून आवडायचा नाही. तू थंडीत लाडवांसाठी आणलेला डिंक वाटीत भिजवायचीस, आणि तो वाळून तडकू नये म्हणून त्यात चिमूटभर साखर. झालं! तुझ्या स्वयंपाकघरातल्या जिवंत मुंग्यांना पेटीचा पत्ता लागला. साखरेपायी त्यांनी डिंक कुरतडला, आणि पेटीतल्या मेलेल्या मुंग्यांची डोकी, पाय, कंबरा सगळं खाली. मुंग्यांनी मुंग्यांची पेटी लुटली, हे मी कॉलेजात सांगितलं तर कोणाला खरं वाटेना.

तू घाबरली नाहीस. तू बसलीस चिमटा घेऊन, आणि पडलेलं सगळं परत चिकटवलंस. बदनावरच्या मंडीतली एक लाल मुंगी तू मला त्यानंतर पाठवलीस. एका दिवाळीची अख्खी सुट्टी मी तिच्यावर घालवली. फराळाचं शेजारच्यांकडून आणलं, पण ती मुंगी कुठल्या घरात बसेना. शेवटी वैतागून कोमट पाण्यात बुडवली. डिंक विरघळला आणि डोकं वेगळं होऊन तरंगायला लागलं. डोकं एकीचं, अंग दुसरीचं. मी फोन केला तर तू पोट धरून हसलीस. "अगं, दोघींची डोकी शेजारी शेजारी पडली होती ना. अंदाजाने लावली." मीही हसले. पण 'अंदाजाने' हा शब्द माझ्या मनात जो रुतला तो रुतलाच.

म्हणून तू जेव्हा मांडवची मुंगी घेऊन आलीस, तेव्हा मी तुझ्याकडे आधी पाहिलं आणि मुंगीकडे नंतर.

तो नवरात्राचा दिवस होता. टेकडीवर दर्शनाला गर्दी, खाली आमच्या गल्लीत चपलांचे ढीग. तू घामाघूम आलीस, पाणीही न घेता पेटी उघडलीस. "मागे मांडवला गडावर इमलीच्या झाडाखाली बसले होते, तेव्हा पदरावर पडली. एकच. बघ तर." मी भिंग लावलं. पोट बदामाच्या आकाराचं, टोकदार, अंग काचेसारखं गुळगुळीत. असं अंग असलेल्या मुंग्या आपल्याकडे झाडाझाडावर असतात, त्यांचं घर मला डोळे मिटून सापडतं. आणि त्या अंगावर जे डोकं होतं ते चपटं, रुंद, वाळूच्या कागदासारखं खरखरीत, दोन्ही बाजूंना मिशा लपवायला खोबणी. मिशीच्या कांड्याही त्या घराला साजतील अशा नाहीत. किल्लीत मी जिथून शिरायची तिथेच अडकायची. अंग म्हणायचं डावीकडे जा, डोकं म्हणायचं उजवीकडे.

तू हात चोळत होतीस. "नवीन वंश आहे, शीले. कोणाकडेच नाही. दोघींच्या नावाने छापू." तुझा चेहरा इतका उजळला होता की मला तेव्हा गप्प बसता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी मानेचा सांधा पाहत होते. तिथे डिंक चमकत होता. डिंक तर मुंगीच्या अंगाखालीही होता, मानेपर्यंत ओघळला असेल. किंवा नसेल.

मी म्हटलं, "बुडवून पाहू."

तू पेटीवर हात ठेवलास. "का?"

"डोकं सुटलं तर कळेल. नाही सुटलं तर छापू."

"एकच आहे माझ्याकडे. सडली, तुटली तर? अन् मी सांगते ना, तिचंच आहे डोकं."

"बदनावरच्या वेळी पण तू सांगितलंच होतंस."

त्या वाक्यावर तू पेटी बंद केलीस. आवाज न करता, हे मला आठवतं. "म्हणजे तुझा माझ्यावर भरोसा नाही."

"मुंगीवर नाही."

"एकच गोष्ट झाली ती," तू म्हणालीस, आणि जेवायला न थांबता निघालीस. मी कढी केली होती. तुझ्या वाटची कढी मी दुसऱ्या दिवशीही खाल्ली, रागाने.

आपण बोलणं सोडलं नाही. ते आपल्याला जमलंच नसतं. तुझी पोरं, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कॉलेजातले नवे लोक, भाजीचे भाव, सगळं बोललो. तू मुंग्याही पाठवत राहिलीस, मीही खाली चिठ्ठ्या लावत राहिले. फक्त मांडवचं नाव निघालं की तू चहा टाकायला उठायचीस. आणि मला आणखी काही दिसायला लागलं. दर थंडीत तुझ्या स्वयंपाकघराच्या फळीवर मांडवच्या इमलीची, म्हणजे गोरखचिंचेची, ताजी फळं असायची, ती हिरवट मखमली लवेची, लांबट, दुधी भोपळ्याएवढी. मी विचारलं तर तू म्हणायचीस, "बस स्टँडवर मिळतात, घेतली." मग एक फोडायचीस, आतला पांढरा आंबट गर मीठ लावून आपण दोघी खायचो, आणि मी गर चघळत विचार करायची, की बस स्टँडवरची फळं इतकी निवडक कशी. एकालाही तडा नाही, डाग नाही. तू मांडवला जात होतीस. मला न सांगता. का जात होतीस? माझ्या संशयी मनाने त्याची जी उत्तरं शोधली ती सांगायला नकोत, पण सांगते. मला वाटलं, तू त्या डोक्याला शोभेल असं आणखी एक अंग शोधते आहेस. मला वाटलं, तू दुसऱ्या कोणा विद्वानाला घेऊन तिथे जातेस आणि एक दिवस माझ्याशिवाय छापून मोकळी होशील. दर महिन्याला येणारी शास्त्राची मासिकं मी आधी तुझं नाव शोधून मग वाचायची.

तू मला एकदाही चल म्हणाली नाहीस. मीही मला घेऊन चल म्हटलं नाही. दोघींचं सारखंच.

आता तू गेल्यावरचं ऐक, कारण ते तुला माहीत नाही.

तेरावं झालं आणि दोन-चार दिवसांत भाऊजी गाडी घेऊन देवासला आले. तुझा नवरा मुळात बोलत नाही, आता तर अगदीच नाही. मांडीवर पेटी घेऊन बसले. म्हणाले, "ती बोलली होती, शीलाताईंनाच द्यायची." मी चहा दिला. ते बसून राहिले. त्यांना घरी जायचं नव्हतं हे मला कळत होतं. मी म्हटलं, "भाऊजी, एक विचारू? नलू दर थंडीत मांडवला जायची का?"

"हो. मीच घेऊन जायचो."

"कशाला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गंमत करते आहे असं त्यांना वाटलं असावं. "तुम्हाला नाही बोलली? तुमच्या त्या मुंगीसाठी. मला झाडाखाली चादर टाकून बसवायची अन् स्वतः बुंधा, फांद्या, ढोली सगळं पाहत फिरायची. मी पेपर वाचायचो. एक पण नाही भेटली तिला. दर वेळी येताना म्हणायची, शीला बरोबर असली तर?"

"कशात बरोबर?"

"ते डोक्याचं. तिला स्वतःलाच याद नव्हतं, ताई. पेटी लुटली गेली तेव्हा ही पण आत होती, अन् त्या वेळी तिने ढीगभर डोकी चिकटवली होती. ती म्हणायची, मला पक्कं नाही आठवत, मी लावलं का ते आधीपासूनच होतं. पाण्यात टाकायला भ्यायची. दुसरी भेटली असती तर तुम्हाला आणून दाखवणार होती."

नलू, मी तुझ्यावर इतकी वर्षं शंका घेतली, आणि तीच शंका तू मनात धरून बसली होतीस, स्वतःवर. मी तुला अहंकारी समजत होते आणि तू घाबरलेली होतीस. हे मला का बोलली नाहीस? मी काय तुला खाल्लं असतं? 'शीले, मला आठवत नाही गं' एवढं एक वाक्य. मी हसले असते. कदाचित टोमणाही मारला असता, माझा भरवसा मलाच नाही. पण मग आपण दोघी त्या झाडाखाली एकत्र बसलो असतो, चादरीवर, भाऊजींचा पेपर वाटून घेत. मला तुझा राग आला. नंतर रडू आलं, आणि भाऊजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले.

ते गेल्यावर मी वाटीत कोमट पाणी घेतलं. पेटी उघडली, टाचणी धरली. तू सांगितलंच होतंस. सुटलं तर तू चुकली होतीस, आणि ज्याला घाबरून तू दर थंडीत मांडवला हिंडलीस ते खरं ठरणार. नाही सुटलं तर तू बरोबर होतीस, नवा वंश तुझा होता, आणि मी तुला तो मिळू दिला नाही. दोन्हीकडे मला काही मिळणार नव्हतं. पाणी गार झालं, मी पुन्हा कोमट केलं, ते पुन्हा गार झालं. शेवटी मोगऱ्याला ओतलं आणि भाऊजींना फोन केला. "मला मांडवला घेऊन चला," मी म्हटलं. जे तुला म्हणायला हवं होतं.

भाऊजी गाडी हळू चालवतात. रस्ताभर मला शंका, की ते तेच झाड दाखवतील का. ते म्हणाले, "ताई, इतक्या वेळा बसलो आहे मी त्या झाडाखाली, आता ते झाड मला ओळखतं." झाड खरंच बघण्यासारखं आहे गं. एवढा जाड बुंधा आणि वर टिचभर फांद्या, कोणीतरी मुळं वर करून उलटं लावल्यासारखं. भाऊजींनी चादर टाकली. तुझीच, निळ्या चौकड्यांची. मी भिंग घेऊन तू पाहिलं असशील ते सगळं पाहिलं. बुंध्याची साल, ढोलीतला चुरा, फांद्यांच्या खोबणी. नेहमीच्या मुंग्या होत्या, ती नव्हती. दुपार झाली. माझे गुडघे बोलायला लागले, आणि मला तुझा इतका राग आला, की या बाईने इतकी वर्षं हे केलं आणि एक शब्द नाही.

भाऊजींना काही सुचेना. तू प्रत्येक वेळी निघताना फळ फोडून त्यांना द्यायचीस म्हणे, म्हणून त्यांनी मला द्यायला फळ शोधलं. चांगली फळं उंच होती. खाली एक जुनं पडलेलं होतं, काळपट, चिरलेलं. "हे खराब आहे, ताई," असं म्हणत त्यांनी तेच दगडावर आपटलं, कारण त्यांना काहीतरी करायचं होतं.

फळाचं कवच उघडलं आणि आतून मुंग्यांची धावपळ उडाली. वाळलेल्या गराच्या कप्प्यांमध्ये त्यांचं घर होतं, पांढरी पिल्लं तोंडात धरून त्या सैरावैरा पळत होत्या. मी हात पुढे केला. एक मनगटावर चढली. अंग काचेसारखं, पोट बदामाचं, आणि डोकं, नलू, डोकं चपटं, रुंद, वाळूच्या कागदासारखं. तिने मिशा खोबणीत लपवल्या, थांबली, आणि मला कडकडून चावली. मी ओरडले नाही. मी तिची मान पाहत होते. तिच्या मानेला डिंक नव्हता.

भाऊजी विचारत होते, "तीच का? ताई, तीच का?" मी मान हलवली. ते चादरीवर बसले, त्या फुटक्या फळाकडे बघत. मग म्हणाले, "ती चांगली चांगली फळं निवडून घरी न्यायची. फुटकं मी तिला उचलू नाही दिलं कधी. विंचू असतो म्हणून." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसतही नव्हते. मी त्यांच्या शेजारी बसले. 

पण तू फार खूश होऊ नकोस. आता दुसरं ऐक. घरी येऊन मी पुन्हा किल्ली उघडली आणि पुन्हा तिथेच अडकले. अंग डावीकडे, डोकं उजवीकडे. आता डोक्यावर शंका घ्यायची सोय उरली नव्हती, म्हणून पहिल्यांदा किल्लीवर घेतली. तिच्या पहिल्याच पानावर लिहिलं आहे, भारतातल्या मुंग्या. आणि नलू, झाड कुठलं आहे? आफ्रिकेतलं. कोणे एके काळी कोणी आणून लावलं, आणि आता सगळा माळवा त्याला मांडवची इमली म्हणतो. आपण दोघींनी शेजारी बसून त्याचं फळ मीठ लावून खाल्लं. ते बाहेरचं आहे हे वर्गात शिकवलंसुद्धा. आणि त्याच्यावरची मुंगी मात्र इथलीच असणार असं धरून चाललो. आपल्या घरातले लोक कुठल्या कुठल्या दरबाराच्या मागे या मुलखात आले, आणि आता कोणी विचारलं तर आपण बेधडक माळव्याचे म्हणून सांगतो. तसंच झालं असावं त्या मुंगीचं. तिकडच्या मुंग्यांची किल्ली मागवली. तिसऱ्याच प्रश्नाला मुंगी सुरळीत पुढे गेली आणि एका जुन्या, ओळखीच्या घराशी जाऊन थांबली. ज्यांना या मुंग्या कळतात अशा एका जाणकाराला फोटो पाठवले आहेत. ते म्हणतात, घर तेच वाटतं, पक्कं सांगायला आणखी नमुने हवेत. म्हणजे नवा वंश नाही. तू हरलीस. मी म्हणाले होते दोन मुंग्या आहेत, त्याही नाहीत. मीही हरले. ही बातमी सांगायला तू हवी होतीस. तुझं तोंड कसं झालं असतं ते मला दिसतं आहे, आणि मग तू म्हणाली असतीस, "काय यार शीले, तरी पण भारतात पहिल्यांदा आपल्यालाच मिळाली ना!" मिळाली. तुलाच मिळाली. पदरावर.

आता तुझी मुंगी माझ्या टेबलावर आहे. वाटी मी मांडणीत ठेवून दिली. मानेवरचा तो डिंक अजून चमकतो, आणि तो ओघळलेला आहे की लावलेला, हे मला आजही माहीत नाही. भिंगाखाली धरलं की हात शिवशिवतो. माझा स्वभाव काही तू गेलीस म्हणून बदललेला नाही. पण डोकं पडलं असेल आणि तू चिकटवलं असशील, तर तू तिचंच चिकटवलंस. तुला आठवत नव्हतं तरी तुझ्या हाताला माहीत होतं. म्हणून मी ती बुडवणार नाही. तू सांगितलंस तरी नाही.

तुझ्या चिठ्ठीखालची जागा इतकी वर्षं रिकामी होती. आज सकाळी मी तिथे माझी चिठ्ठी लावली, त्या घराचं नाव लिहून, खाली माझं. सवयीने पेन पुढे गेलं होतं, ते मी उचललं. प्रश्नचिन्ह घातलं नाही.